नाटकावरील निबंध आणि त्याचा आधारपाठ

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस शेजारचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी आपली निबंधाची वही घेऊन खडकवासल्याच्या आमच्या घरीं आला. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या तिसऱ्या अंकाचें परीक्षण करा, असा विषय त्यास वर्गांत मिळाला होता. मुलगा अभ्यासू आहे. अक्षर वळणदार, मांडणी सुसूत्र. त्याच्या लेखाचा मुख्य मुद्दा असा कीं, मालिनीच्या तीरीं लतामंडपांत दुष्यंत व शकुंतला यांची एकांतांत गांठ घालून देऊनहि कवीनें तो प्रसंग फार थोडक्यांत आटोपला आहे, गौतमीस अगदीं वेळेवर रंगभूमीवर आणलें आहे, आणि कालिदासाचा संयम तो हाच. आम्हीं लेख वाचून त्यास एवढेंच विचारलें कीं, "बाळ, हें परीक्षण कोणत्या पाठाचें?" त्यानें निरागसपणें उत्तर दिलें, "आजोबा, शाकुंतलाचें."

त्याच्याजवळचें पुस्तक पाहिलें, तों तें परीक्षोपयोगी मार्गदर्शक निघालें. मूळ कोणत्या प्रतींवरून छापलें याचा त्यांत उल्लेख नाहीं. संपादकाचें नांवहि नाहीं. आम्हीं फळीवरून पिशेलची 'शाकुंतला'ची आवृत्ति काढून तिसरा अंक त्याच्यापुढें उघडून ठेविला. सख्या निघून गेल्यावर त्याच्या पुस्तकांत जेथें राजा व शकुंतला यांचीं मोजकींच भाषणें आहेत, तेथें ह्या आवृत्तींत कित्येक पृष्ठें चाललेला प्रवेश आहे. शकुंतलेच्या मनगटावरून गळून पडलेलें मृणालवलय राजा उचलतो, तें तिच्या हातीं पुन्हा बांधतो. कानावरील कमळाचा पराग तिच्या डोळ्यांत जातो, तो राजा फुंकर घालून काढतो. हें सारें वाचून झाल्यावर मुलानें वही मिटली व म्हणाला, "मग माझा निबंध चुकला का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्यास त्या दिवशीं एका वाक्यांत देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे. विषय वर्गांतला आहे, हस्तलिखितांच्या संग्राहकांचा त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु संबंध फार निकटचा आहे आणि तो तुटल्यामुळेंच वरील प्रसंग उद्भवला, असें आमचें मत आहे.

आपल्याकडे नाटकावर 'निबंध' लिहिण्याची चाल जुनी नाहीं. जुन्या शास्त्र्यांची रीत टीकेची. 'शाकुंतला'वर राघवभट्टाची 'अर्थद्योतनिका' पाहावी: श्लोकामागून श्लोक घेऊन पदांचा अर्थ, अलंकार, छंद, नाट्यशास्त्राचा आधार, असा क्रम. संपूर्ण नाटकाविषयीं एकत्रित असा अभिप्राय देण्याचें टीकाकारास प्रयोजनच वाटत नसे. मात्र एका गोष्टींत टीकाकार मंडळी आजच्या परीक्षकांहून अधिक सावध होती. समोरच्या पोथींत एक शब्द आणि दुसरींत वेगळा शब्द आढळला तर तसें नमूद केल्यावांचून तीं पुढें जात नसत. अर्थ सांगण्याआधीं शब्द कोणता हें ठरलें पाहिजे, हें त्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें.

निबंधाचा जन्म विद्यापीठाबरोबर झाला. मुंबई विद्यापीठ 1857 सालीं स्थापन झालें. पुण्यांत 1821 सालच्या संस्कृत पाठशाळेंतून पुढें 1851 सालीं पूना कॉलेज निघालें होतें. तेंच 1868 सालीं येरवड्याच्या नव्या इमारतींत डेक्कन कॉलेज म्हणून नांदूं लागलें. त्याच सुमारास ब्यूलर व कीलहॉर्न ह्या दोघां जर्मन पंडितांनीं मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली. कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांच्या हातीं विश्वसनीय पाठ यावा, हा तिचा एक उघड हेतु होता. ह्या मालेंत शंकर पांडुरंग पंडित यांनीं 'मालविकाग्निमित्र' 1869 सालीं व 'विक्रमोर्वशीय' 1879 सालीं, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं 'मालतीमाधव' 1876 सालीं, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं 'मुद्राराक्षस' 1884 सालीं प्रसिद्ध केलें. ह्या आवृत्तींच्या प्रस्तावना आज पुन्हा उघडून पाहाव्या. प्रती कोठून मिळाल्या, त्यांपैकीं कोणती जवळची, कोणती भ्रष्ट, हें आधीं. कवीचा काल नंतर. आणि नाटकाच्या गुणदोषांचा विचार त्यापाठोपाठ. आपल्या प्रांतांतल्या नाट्यनिबंधाचा मूळपुरुष शोधावयाचा झाल्यास तो ह्या प्रस्तावनांतच सांपडेल. आणि हा मूळपुरुष पोथ्या हाताळणारा होता.

पोथ्या हाताळल्यानें काय लाभतें याचें उदाहरण पंडितांच्याच लेखनांत आहे. 'मालतीमाधवा'ची एक जुनी प्रत इंदुरास मिळाली. तिच्या तिसऱ्या अंकाच्या पुष्पिकेंत कर्त्यास कुमारिलाचा शिष्य म्हटलें आहे. सहाव्याच्या पुष्पिकेंत उंवेकाचार्याचें नांव येतें. आणि दहाव्या अंकाच्या शेवटीं पुन्हा भवभूति. 'गउडवहो'च्या प्रस्तावनेंत पंडितांनीं ही प्रत पुढें आणल्यापासून भवभूति आणि मीमांसक उंवेक हे एकच कीं काय, ह्या वादास तोंड फुटलें, तें अजून मिटलेलें नाहीं. एका लेखकूनें अंकाच्या शेवटीं सोडलेल्या दोन ओळी, पण भवभूतीच्या नाटकांतील शास्त्रीय पांडित्याविषयीं लिहिणाऱ्या प्रत्येकास त्या विचारांत घ्याव्या लागतात.

मराठींत हा प्रकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं आणला. 'निबंधमाला' 1874 सालची. तिच्याही आधीं, 1872 पासून, 'शालापत्रका'त त्यांनीं कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु व दंडी यांवर निबंध लिहिले. तेच पुढें 1891 सालीं 'संस्कृत कविपंचक' ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघाले. लेखक नुकताच डेक्कन कॉलेजांतून बी. ए. होऊन बाहेर पडलेला, आणि मासिक शिक्षणखात्याचें, म्हणजे वाचक बहुशः शाळामास्तर. कॉलेजांत मिळविलेली परीक्षणाची दृष्टि मराठी वाचकास मराठींत द्यावयाची, असा हा खटाटोप होता. शास्त्रीबोवांची शैली एवढी ओघवती आणि मतें एवढीं ठाम कीं, वाचकाचें लक्ष पाठांतरांकडे जातच नाहीं. हा त्यांचा दोष म्हणवत नाहीं; पण त्यांचें अनुकरण करणाऱ्यांनीं ठामपणा तेवढा उचलला आणि शास्त्रीबोवांचा संस्कृतांतला व्यासंग मात्र त्यांना उचलतां आला नाहीं.

इंग्रजी नाटकांच्या बाजूनें दुसरा प्रवाह आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें 'ऑथेल्लो' 1867 सालचें. 1882 सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस होते. तेथें आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें भाषांतर हातीं घेतलें, आणि 1883 सालीं 'विकारविलसित' ह्या नांवानें तें छापून निघालें. त्यास जोडलेली विस्तृत प्रस्तावना हा मराठींतील नाट्यपरीक्षणाचा एक ठेवा आहे. फर्ग्युसन कॉलेजांत वासुदेव बाळकृष्ण केळकर शेक्सपियर शिकवीत, तेच 'त्राटिका' लिहीत. वर्ग, भाषांतर आणि रंगभूमि ह्यांत तेव्हां आजच्यासारख्या भिंती नव्हत्या. 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यांत किर्लोस्करांचें 'संगीत शाकुंतल' प्रथम झालें, तेव्हां पासून येथील विद्यार्थी शकुंतलेस वर्गांत वाचीत होता आणि थिएटरांत ऐकत होता.

आतां पाठाच्या प्रश्नाकडे वळूं. 'हॅम्लेट'पासूनच आरंभ करणें सोयीचें, कारण छापील पुस्तकांत पाठभेदाचा उपद्रव नसतो असा पुष्कळांचा समज आहे. 'हॅम्लेट'चीं तीन जुनीं मुद्रणें आहेत: 1603 चें लहान, 1604-05 चें सर्वांत मोठें, आणि 1623 च्या संग्रहांतलें. पहिल्याची एकहि प्रत कोणास ठाऊक नव्हती. ती 1823 सालीं उजेडांत आली. विद्यार्थी ज्या स्वगतावरून हॅम्लेटच्या चालढकलीविषयीं हटकून लिहितो, म्हणजे चौथ्या अंकांत परकी सैन्य जातांना पाहून तो स्वतःस दोष देतो तें, फक्त 1604-05 च्या मुद्रणांत आहे. 1623 च्या संग्रहांत नाहीं. दोन्ही एकत्र करून छापलेल्या आवृत्तींवर आपल्याकडील पिढ्या वाढल्या. ब्रॅडलेचीं 1904 सालचीं व्याख्यानें ज्यांनीं पाठ केलीं, त्यांतल्या किती जणांस ठाऊक होतें कीं, आपण ज्या हॅम्लेटचें मन उलगडीत आहों तो दोन पुस्तकांचे सांधे जुळवून तयार झालेला आहे? कवीनें तें स्वगत पुढें स्वतःच गाळलें असेल, तर चालढकल करणारा हॅम्लेट थोडा निराळा दिसूं लागतो.

'मृच्छकटिका'ची हकीकत याहून चमत्कारिक आहे. परशुरामतात्या गोडबोल्यांनीं तें मराठींत आणलें, देवलांनीं संगीतांत बसविलें, आणि शूद्रकाच्या कल्पकतेची वाखाणणी करणारे निबंध वर्षानुवर्षें लिहिले गेले. चारुदत्ताच्या घरीं ठेवलेले दागिने, शर्विलकाची घरफोडी, रत्नावली देऊन केलेली भरपाई, सारें शूद्रकाचें. पुढें गणपतिशास्त्री यांना दक्षिणेंत ताडपत्रांवर तेरा नाटकांचा संग्रह सांपडला आणि 1912 सालापासून तो त्रिवेंद्रम ग्रंथमालेंत निघूं लागला. त्यांतील 'चारुदत्त' हें चार अंकांचें नाटक 'मृच्छकटिका'च्या पहिल्या चार अंकांशीं प्रसंगाप्रसंगानें जुळतें. विष्णु सीताराम सुकथनकरांनीं दोन्ही समोरासमोर ठेवून बारीक तुलना केली आणि 'चारुदत्ता'चा पाठ अधिक जुना दिसतो, ह्या निष्कर्षाकडे ते झुकले. हीं नाटकें खरोखर भासाचीं कीं नाहींत, हा वाद निराळा, पुण्यांतच चिं. रा. देवधरांनीं त्याविषयीं शंका सविस्तर मांडल्या आणि पुढें 1937 सालीं 'भासनाटकचक्र' संपादूनहि दिलें. कर्ता कोणीहि असो, 1912 पूर्वींचा निबंध शूद्रकाची जी कल्पकता वाखाणतो, तिच्यांतला मोठा वांटा आतां दुसऱ्याच्या नांवें मांडावा लागतो. उलट पांचव्या अंकांतलें पावसाचें वर्णन आणि पुढचें राज्यक्रांतीचें सूत्र हें शूद्रकाचें श्रेय आतां अधिक स्पष्ट दिसतें. त्या जुन्या निबंधांस चुकीचें म्हणून फेंकून द्यावें काय? मुळींच नाहीं. ते 1912 पूर्वींचे आहेत, एवढें त्यांवर लिहिलें म्हणजे पुरें. म्हणूनच निबंधावर तारीख हवी.

एका अनुस्वाराची गोष्ट पंडितांत परंपरेनें चालत आली आहे. भवभूतीनें 'उत्तररामचरित' कालिदासाकडे अभिप्रायार्थ पाठविलें. कालिदासानें तें ऐकून सांगितलें कीं, सर्व उत्तम आहे, पहिल्या अंकांतल्या एका श्लोकांत 'एवं' आहे तेथला अनुस्वार तेवढा जास्त झाला. 'एवं' ठेविल्यास 'अशा प्रकारें रात्र सरली' असा सामान्य अर्थ. 'एव' केल्यास 'रात्रच काय ती सरली', म्हणजे रामसीतेचें बोलणें सरलें नाहीं. दोघां कवींत शतकांचें अंतर असल्यामुळें ही आख्यायिका इतिहास नव्हे. पण ती रचणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक होती कीं, काव्याचा सारा रस कधीं कधीं एका बिंदूवर अवलंबून असतो. 1962 च्या लेखननियमांनीं मराठींतले बहुतेक अनुच्चारित अनुस्वार रजा घेते झाले. आम्ही ते अजून सोडवत नाहीं म्हणून आमची थट्टा होते, ती होवो. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनीं 'उत्तररामचरिता'चा जो अभ्यास 1915 सालीं हार्वर्डच्या ग्रंथमालेंतून पुढें आणला, त्याचें मोल कळावयास अशा बिंदूंकडे पाहण्याची संवय लागते.

आणि 'शाकुंतल' तर पाठभेदाचें माहेरघर. 1789 सालीं विल्यम जोन्सनें ज्या प्रतीवरून भाषांतर केलें, ती बंगाली परंपरेची. युरोपांत जो गाजावाजा झाला तो ह्या 'शाकुंतला'चा. पुढें 1842 सालीं बोटलिंक आणि 1853 सालीं मोनियर विल्यम्स यांनीं देवनागरी परंपरेचा पाठ छापला. 1877 सालीं पिशेलनें बंगाली पाठच मूळाच्या जवळचा, असा जोरदार पक्ष मांडला. याखेरीज काश्मिरी व दाक्षिणात्य परंपरा आहेत. बंगाली पाठांत श्लोक 220 च्या आसपास, देवनागरींत 200 हूनहि कमी. आणि हा फरक सर्वांत डोळ्यांत भरतो तो तिसऱ्या अंकांत. आपल्याकडे निर्णयसागर छापखान्यानें राघवभट्टाच्या टीकेसह जें 'शाकुंतल' घरोघर पोंचविलें, तें देवनागरी परंपरेचें. मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या विद्यार्थ्यांसाठीं काढलेल्या आवृत्तींनीं मूळ, भाषांतर, टिपा आणि प्रस्तावना एकाच जिल्देंत दिल्या आणि कित्येक पिढ्यांस संस्कृताच्या परीक्षेंतून पार नेलें. काळ्यांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांच्यामागून आलेल्या मार्गदर्शकांनीं प्रस्तावनेंतले गुणदोषांचे परिच्छेद तेवढे घेतले आणि प्रतींची चर्चा निरुपयोगी म्हणून टाकून दिली. परीक्षेंत त्यावर गुण मिळत नसल्यामुळें कोणी तक्रारहि केली नाहीं.

आमचें स्वतःचें मत विचाराल, तर तिसऱ्या अंकापुरता देवनागरी पाठ कोणी तरी आंखडून घेतलेला असावा, असें आम्हांस वाटतें. कारण पाहा. सख्या जातात त्या वेळीं ऊन कलंडलेलें नाहीं. राजा तसें शकुंतलेस बोलूनहि दाखवितो. त्यानंतर दहापांच भाषणें होतात न होतात तोंच पडद्याआडून चक्रवाकवधूस इशारा मिळतो कीं, रात्र आली. एवढ्या भाषणांत एवढा दिवस जाणें नाटकांत अशक्य नाहीं, पण कालिदासासारख्या घटकापळें सांभाळणाऱ्या कवीच्या हातून ती उडी जरा लांबच पडते. बंगाली व काश्मिरी पाठांत मधला प्रवेश आहे, तेथें वेळ जाण्यास जागा आहे. म्हणून ती सर्व पृष्ठें कालिदासाचींच, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं; त्यांत मागाहून भर पडली असणें शक्य आहे. बेलवलकरांनीं ह्या नाटकाचा पाठ सिद्ध करण्यांत आयुष्याचीं कित्येक वर्षें घालविलीं आणि त्यांची आवृत्ति 1965 सालीं साहित्य अकादमीनें छापली. ती वर्गांत कोणाच्या हातीं आम्हांस क्वचितच दिसते.

तेव्हां त्या मुलाच्या लेखांतला 'संयम' कोणाचा? कालिदासाचा असेल, किंवा शिष्टांस रुचेल असा प्रयोग करूं इच्छिणाऱ्या एखाद्या जुन्या सूत्रधाराचा असेल. निबंध चुकला असें नव्हे. तो देवनागरी पाठावरील निबंध होता आणि लिहिणाऱ्यास तें ठाऊक नव्हतें.

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. आपण पोथ्या जमवितों, बखरी जमवितों, पण विद्यार्थ्यांच्या वह्या कोणी जमवीत नाहीं. कॉलेजांतल्या व्याख्यानांचीं टिपणें, कोरीं पानें मध्यें घालून बांधून घेतलेलीं पाठ्यपुस्तकें, समासांत शिसपेन्सिलीनें लिहिलेले पाठभेद, जुन्या प्रश्नपत्रिका, हें सर्व आपल्या लेखीं रद्दी. ह्या अपराधांत आम्हीहि आहों. घराण्यांतल्या एका वडील माणसाचीं अशीं बांधीव पुस्तकें तरुणपणीं आम्हीं तोलावर विकलीं; त्यांत 'मुद्राराक्षस' होतें आणि त्याच्या पानोपानीं बारीक अक्षरांत कांहीं लिहिलेलें होतें, एवढेंच आतां आठवतें. काय लिहिलें होतें तें वाचण्याची बुद्धि तेव्हां झाली नाहीं.

जें आम्हीं हातानें केलें तें अनेकांच्या घरीं पाण्यानें केलें. 12 जुलै 1961 रोजीं पानशेतचें धरण फुटलें. तो लोंढा येऊन आदळल्यावर येथलें, खडकवासल्याचें, जुनें धरणहि टिकलें नाहीं. मुठेच्या कांठच्या पेठांतून घराघरांत पाणी शिरलें. ज्या वस्तींत शिक्षक, शास्त्री आणि वकील यांचीं बिऱ्हाडें, तेथल्या कपाटांतून आणि पेट्यांतून काय गेलें याची यादी करणें आतां कोणाच्याहि आवाक्यांत नाहीं. मौल्यवान पोथ्या लोकांनीं उन्हांत वाळविल्या, वह्यांचा लगदा टाकून दिला. त्यांस दोष कोण देईल? घरांत गुडघाभर गाळ असतां कोणी व्याख्यानाचीं टिपणें वाळवीत बसत नाहीं. परंतु येरवड्याच्या वर्गांत 'उत्तररामचरित' कसें शिकवीत, विद्यार्थी काय विचारीत, कोणत्या आवृत्तीवर बोट ठेवून शिकत, हें सांगणारी साधनें अशीं मुळांतच थोडीं उरलीं. जीं उरलीं असतील तीं उंचावरच्या घरांत, पोटमाळ्यावर असतील. ज्यांस जुनीं घरें उतरतांना कागदपत्र पाहण्यास बोलावणें येतें, त्यांनीं पाठ्यपुस्तकें बाजूस टाकण्यापूर्वीं समास पाहावे, मुखपृष्ठाआड नांव व साल आहे का पाहावें, आणि आवृत्तीची नोंद करून मगच काय तें ठरवावें. वही कोणाची होती हें न कळलें तरी ती कोणत्या पाठावर लिहिली आहे, हें एखाद्या श्लोकाच्या पाठावरून बहुधा कळतें. 'शाकुंतला'पुरतें तर मृणालवलयाचा उल्लेख आहे किंवा नाहीं एवढ्यावरूनहि कळतें.

मुलानें आठ दिवसांनीं निबंध पुन्हा लिहून आणला. फार बदल केला नव्हता. मुख्य मुद्दा तसाच ठेवून त्यानें आरंभीं दोन वाक्यें घातलीं होतीं: हें परीक्षण देवनागरी परंपरेच्या पाठावर आधारलेलें आहे, बंगाली पाठांत हा प्रवेश विस्तृत असून त्या पाठापुरतें पुढील विधान लागू नाहीं. वर्गांत त्यावर शेरा पडला तो 'विषयास सोडून' असा, आणि गुण दोन कमी आले. मुलगा त्यामुळें थोडा हिरमुसला होता. आम्हीं त्याच्या निबंधाची एक नक्कल मागून घेतली, तीवर आवृत्तीचें नांव व तारीख घातली, आणि ती संग्रहांतल्या 'शाकुंतला'च्या दप्तरांत, राघवभट्टाच्या टीकेच्या प्रतीखालीं, ठेवून दिली आहे.